घुमटावर पारखलेले हेडफोन

मागच्या चतुर्थीला आमच्या घरची आरती रेकॉर्ड केली. दोन घुमटं (गोव्याचं मातीचं तालवाद्य), एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य), कासाळे (झांजा), पेटी आणि बारा-पंधरा आवाज. रात्री सगळे झोपल्यावर बसून मिक्स केलं, हेडफोनवर ऐकून इतकं समाधान वाटलं की सकाळी उठल्या उठल्या भावाच्या गाडीत लावलं, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात कळलं की काहीतरी भयंकर चुकलंय. घुमट म्हणजे नुसता धबधबा. शब्द दिसेनात, पेटी गायब, गाडीच्या दाराचं पत्रं थरथरायला लागलं. भाऊ म्हणाला, "हे किते केलंस रे?" मी गप्प.

चूक शोधायला दोन आठवडे गेले आणि ती सापडली ती हेडफोनच्या कुशनमध्ये. चार वर्षं वापरलेला हेडफोन, कुशनवरचं रेग्झीन सोलवटून गेलेलं, काळे कपटे कानाला गालाला चिकटायचे, मी ते रोज फुंकून टाकायचो आणि म्हणायचो आवाज तर येतोय ना. आवाज येत होता, पण बेस अर्धा बाहेर गळत होता. मला घुमट कमी ऐकू येतंय म्हणून मी मिक्समध्ये घुमट वाढवत गेलो, वाढवत गेलो, आणि गाडीच्या स्पीकरला काय गळती नव्हती, त्यानं सगळं जसंच्या तसं दाखवलं. त्या हेडफोनच्या कंपनीचं नाव घेत नाही. त्याची कुशन बदलून लावायची सोयच नव्हती, आत गोंदानं चिकटवलेली होती, आणि सुटी कुशन कुठे मिळतच नव्हती. म्हणजे ऐंशी टक्के चांगली वस्तू केवळ दोन रिंगांसाठी कचऱ्यात.

तिथून पुढे तीन-चार महिने मी याच एका विषयाच्या मागे होतो. बजेट आठ ते पंधरा हजार. मित्रांचे हेडफोन मागून आणले, एक मडगावच्या दुकानात जाऊन ऐकला, एक पुण्याहून चुलतभाऊ घेऊन आला तो आठवडाभर ठेवून घेतला. ज्यांना घरच्या घरी भजन, नाटकाचं संगीत, पॉडकास्ट असं काही रेकॉर्ड करायचंय किंवा नुसतं मन लावून गाणं ऐकायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी हे की क्लोज्ड-बॅकच, म्हणजे मागून बंद कपाचाच का. ओपन-बॅक हेडफोनच्या कपाला मागून जाळी असते, आवाज मोकळा वाटतो, दिवाणखान्यात बसून बैठक ऐकल्यासारखा, आणि मला तो प्रकार मनापासून आवडतो. पण माझा पुतण्या गातो. तो माइकसमोर बसतो, कानात तंबोरा आणि तबल्याचा ठेका, आणि ओपन हेडफोन असला की तोच तंबोरा बाहेर गळून परत माइकमध्ये शिरतो. मग नंतर सूर एक श्रुती खालीवर करायचा म्हटलं तरी मागे जुना तंबोरा चिकटलेला, काढता येत नाही. दुसरं कारण पाऊस. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, आमच्या मागच्या पडवीला पत्रे आहेत, आषाढात त्या पत्र्यांखाली ओपन हेडफोन घालून बसणं म्हणजे पावसाचंच रेकॉर्डिंग ऐकणं. त्यामुळे कप मागून बंद पाहिजे, कान पूर्ण आत बसला पाहिजे, आणि वायर पाहिजे.

वायर का यावर घरात बरीच चर्चा झाली, कारण त्याच पैशात आता ब्लूटूथवाले नॉइज कॅन्सलिंग मिळतात. बघा, रोज फोंडा-पणजी कदंब बसने जाऊन येऊन फक्त गाणी ऐकायची असतील तर खुशाल तेच घ्या, इंजिनाचा जो सलग घुर्र आवाज असतो ना तो नॉइज कॅन्सलिंग जितका छान मारतं तितका नुसता बंद कप नाही मारत. कारण खालच्या पट्टीतला एकसारखा आवाज जाड कुशनमधूनही आत येतो, आणि इलेक्ट्रॉनिक्सला नेमका तोच सोपा पडतो. पण ब्लूटूथवर गायलात तर आवाज कानात येईपर्यंत शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, तेवढ्यात ठेका पुढे निघून गेलेला असतो, त्यावर कुणी गाऊ शकत नाही. आणि आत बॅटरी. ती चार-पाच वर्षांनी दमणारच. वायरवाल्याला दमायला काही नाही.

आता मुख्य गोष्ट, सील. हेडफोनमध्ये बेस कुठून येतो तर ड्रायव्हर (आतला छोटा स्पीकर), कप आणि तुमचा कान यांच्यामध्ये जी हवा कोंडली जाते तिच्यातून. कोंडलेली हवा पुढेमागे ढकलली की खालचे सूर उभे राहतात. कुठेतरी फट राहिली की दाब तिथून निघून जातो आणि सगळ्यात आधी खालचे सूर जातात, वरचे तसेच राहतात. म्हणून फाटक्या कुशनवर माझा घुमट गेला आणि कासाळे मात्र राहिले. आणि फट फक्त फाटक्या कुशननंच पडते असं नाही. चष्म्याची काडी. मला चष्मा आहे, काडी जाडच आहे, कानामागे कुशन आणि डोकं यांच्यात ती काडी एक बारीक बोगदा करते. केस जाड असले, कानात मोठी कुडी असली, जबडा बारीक असला तरी तेच. त्यामुळे दोन माणसं एकाच हेडफोनबद्दल "बेस फार" आणि "बेसच नाही" असं भांडत असतील तर दोघंही खरं बोलत असू शकतात, त्यांची डोकी वेगळी आहेत.

याची चाचणी सोपी आहे, दुकानात उभ्या उभ्या होते. नेहमीचा चष्मा घालून हेडफोन घाला, बेसवालं काहीतरी लावा आणि दोन्ही तळहातांनी कप हलकेच डोक्यावर दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला तर समजा की न दाबता सील बसत नाहीये. फरक पडला नाही किंवा अगदी किंचित पडला तर तो हेडफोन तुमच्या डोक्याला बसतो. मडगावच्या दुकानात मालकानं हेडफोन काउंटरवर ठेवला आणि एवढंच म्हणाला, "घाल, आयक आनी मागीर सांग" (ऐक आणि मग सांग), आणि पंधरा मिनिटं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. असा दुकानदार भेटला तर त्याच्याकडूनच घ्या, ऑनलाइन दोन-तीनशे रुपये स्वस्त असलं तरी.

ऐकायला काय न्यायचं? मी फोनमध्ये आमचीच आरती नेली होती, मिक्स न केलेली. मला वाटतं आपल्याकडच्या माणसाला घुमटापेक्षा चांगली परीक्षा नाही. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडावर चामडं, दुसरं तोंड उघडं. उजव्या हातानं चामड्यावर थाप आणि डाव्या तळव्यानं उघडं तोंड झाकायचं-सोडायचं, त्यानं तो खालचा सूर वाकतो, 'घूम' असा लांबतो. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं, पण घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आली आणि आता बकऱ्याचं वापरतात, २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं हेरिटेज वाद्य म्हणूनही जाहीर केलं. तर हेडफोनवर तुम्हाला थाप ऐकू येतेच, कुठल्याही हेडफोनवर येते, थाप वरच्या सुरांत असते. प्रश्न हा की डावा हात ऐकू येतो का. तो सूर वाकताना कळतो का, की नुसता एक 'धप्प' येतो. शामेळ मधल्या पट्टीत, पेटी आणि गळे त्याच्या जरा वर, आणि कासाळे अगदी वर. कासाळ्यांचा आवाज काचेसारखा टोचला तर त्या हेडफोनचा ट्रेबल जास्त आहे, आणि विझल्यासारखा वाटला तर कमी. एका आरतीत सगळं तपासून होतं.

यावर पाच हेडफोन पारखले.

ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स. हा सगळ्यांना माहीत आहे, नाटकवाल्यांकडे, डीजेंकडे, यूट्यूबवाल्यांकडे सगळीकडे. ४५ मिलिमीटरचा ड्रायव्हर, ३८ ओहम (विजेला होणारा अडथळा), वजन केबल सोडून २८५ ग्रॅम, केबल काढता येते आणि डब्यात तीन येतात, एक गुंडाळीची, एक लांब सरळ, एक छोटी. माझा एक मित्र कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या मंडळींचा साउंड करतो, त्याचाच आणला होता. बेस उचललेला आहे, ऐकायला गंमत येते, घुमट मोठं आणि गोल वाटतं, खरं म्हणजे आहे त्यापेक्षा मोठं. आनंदासाठी ऐकायला मला फार आवडला. पण मिक्स करताना याच्या उलटी चूक होऊ शकते, बेस पुरेसा आहे असं वाटून तुम्ही तो कमी ठेवाल आणि गाडीत आरती रोडावलेली वाटेल. मित्र म्हणाला, "सवय लागते रे, दोन महिन्यांत कान आपोआप वजा करतो." ते खरं असेल, तो पंधरा वर्षं तेच काम करतोय.

त्याचाच धाकटा भाऊ एम४०एक्स. ड्रायव्हर ४० मिलिमीटर, ३५ ओहम, वजन २४० ग्रॅम, डब्यात दोन केबल. दिसायला साधा, किमतीला बऱ्यापैकी कमी, आणि माझ्या कानाला तो थोरल्यापेक्षा सरळ वाटला. घुमट जेवढं तेवढं, गळे पुढे, कासाळे जागेवर. या बजेटात मला याचं सगळ्यात जास्त कौतुक वाटलं, कारण एखादी गोष्ट उगाच वाढवून तुम्हाला खूश करायचा प्रयत्न तो करत नाही. कुशन मात्र बारीक आहेत, माझे कान मोठे, आत कापडाला टेकायचे, तासाभरानंतर कानाच्या कडा दुखायच्या. वेगळी जाड कुशन मिळतात, पण कुशन बदलली की आवाजही बदलतो हे लक्षात ठेवा, कारण कान आणि ड्रायव्हर यांतलं अंतर आणि कोंडलेली हवा दोन्ही बदलतात.

सेनहायझर एचडी २८० प्रो. बाहेरचा आवाज अडवायचा एवढाच हेतू असेल तर हा. कंपनी ३२ डेसिबलपर्यंत आवाज कमी होतो म्हणते, आणि पत्र्यावर पाऊस कोसळत असताना मी घालून पाहिला, खरोखर पाऊस शेजारच्या वाड्यावर गेल्यासारखा वाटला. एवढी शांतता फुकट येत नाही, ती दाबातून येते, पकड घट्ट आहे, आणि चष्म्याच्या काडीवर तो दाब येतो तेव्हा पाऊण तासानं कानामागे रेघ उठते. चष्मा नसलेल्यांना, ढोलताशाच्या शेजारी उभं राहून रेकॉर्डिंग तपासणाऱ्यांना, ड्रम वाजवणाऱ्यांना हा नक्की सुचवेन.

सोनी एमडीआर-७५०६ बद्दल थोडंच लिहितो, कारण तो फक्त एक संध्याकाळ हातात होता. १९९१ पासून बाजारात आहे, निळी पट्टी, हलका २३० ग्रॅम, ६३ ओहम, गुंडाळीची केबल जी काढता येत नाही. बोलण्याचं एडिटिंग करणाऱ्यांनी हाच का धरून ठेवलाय ते पाच मिनिटांत कळतं, ओठांचा चटका, श्वास, खुर्चीची कुरकुर, सगळं उघडं. संवादांसाठी, पॉडकास्टसाठी उत्तम. आरतीला मला जरा उजळ वाटला.

आणि बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो. जर्मनीत हाइलब्रॉनला बनतो, हे मॉडेल १९८५ पासून चालू आहे. वजन २७० ग्रॅम, मी ऐकलेल्याची कुशन रेग्झीनची नाहीत, वेलूरची आहेत, राखाडी मखमल म्हणा. चुलतभावाचा आणलेला तो हाच. डोक्यावर घातला आणि पहिली गोष्ट लक्षात आली की चष्मा विसरायला झालं. वेलूर मऊ असल्यामुळे काडीच्या भोवती बसतं, गालाला घाम कमी येतो, कप मोठे, कान कुठेही टेकत नाही. दाबून चाचणी केली, बेस किंचित वाढला, म्हणजे थोडी गळती आहेच, कापडातून हवा जातेच थोडी, पण चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय आवाज जवळजवळ सारखा, आणि मला तेच पाहिजे होतं. घुमट खोल, डावा हात स्पष्ट, आणि मग कासाळे... कासाळे टोचतात. वरच्या पट्टीत, आठ-नऊ हजार हर्ट्झच्या आसपास या मॉडेलला एक उंचवटा आहे, तो लपत नाही.

याचा सगळ्यात जास्त त्रास जुनी गाणी ऐकताना झाला. मी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकरांच्या ध्वनिमुद्रिका खूप ऐकतो, आपल्या मातीतल्या बायका, एक केरीची, एक कुर्डीची, आणि केसरबाईंचा आवाज तर १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून अंतराळात गेला. त्या जुन्या ७८च्या तबकड्यांत साधारण पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाणं फारसं उरतच नाही, उरते ती खरखर, आणि हा हेडफोन नेमकी तीच खरखर पुढे आणतो. तान खाली राहते आणि सुई वर येते. मी इक्वलायझरवर आठ हजारांपाशी चार डेसिबल कमी केले आणि केसरबाई परत समोर येऊन बसल्या. ही सेटिंग आता कायमची ठेवलीय, कासाळ्यांनाही तीच लागू पडते. इक्वलायझर वापरणं म्हणजे हेडफोन वाईट असं मानणारे लोक भेटतात, मला ते पटत नाही, पेटीसुद्धा आपण ट्यून करूनच वाजवतो.

ओहमचं एवढं समजून घ्या, कारण या मॉडेलात तिथे लोक फसतात. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो. २५० म्हणजे भारी, असं नाही. त्याच व्होल्टेजवर २५० ओहमवाल्याला ८० ओहमवाल्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच ताकद मिळते, म्हणजे सुमारे पाच डेसिबल कमी आवाज. चांगला इंटरफेस (माइक-हेडफोन कॉम्प्युटरला जोडायचा डबा) किंवा अॅम्प असेल तर काही फरक नाही, पण फोनला छोटा अडॅप्टर लावून जुन्या, हळू रेकॉर्ड केलेल्या मैफली ऐकायच्या असतील तर व्हॉल्यूम शेवटाला जाऊन टेकेल. माझ्याकडे टेबलावर फोकसराइटचा छोटा इंटरफेस आहे, कधीमधी फोनवर ऐकतो, मी ८० घेतला. घरात आणि फोनवरच वापरायचा असेल तर ३२. त्याची केबलही आखूड आहे, १.६ मीटर. ८०ची ३ मीटर सरळ, खुर्चीच्या चाकाखाली येते, मी ती वेलक्रोच्या पट्टीनं बांधून ठेवलीय.

हो, म्हणजे शेवटी मी हाच घेतला. त्याची केबल काढता येत नाही हे मला अजून खुपतं, एवढ्या किमतीत ती सोय हवी होती, केबल ओढली गेली की झाळकाम करणारा शोधावा लागेल. फोंड्यात तसा एक माणूस आहे म्हणून धीर केला. पण कुशन हातानं निघतात, सुटी मिळतात, हेडबँडचं कव्हरसुद्धा सुटं मिळतं. ज्या माणसाचा एक हेडफोन दोन रिंगांसाठी फुकट गेलाय त्याला ही गोष्ट आवाजाइतकीच महत्त्वाची वाटणार.

आता कुशन आणि आपली हवा. इथे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण परदेशी लोकांची परीक्षणं वाचून हे कळत नाही. स्वस्तातलं रेग्झीन म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा थर. पॉलियुरेथेनचे बरेच प्रकार हवेतल्या बाष्पाशी हळूहळू रासायनिक क्रिया होऊन तुटत जातात, याला हायड्रोलिसिस म्हणतात. तुम्ही बघितलं असेल, कपाटात वर्षभर नुसते ठेवलेले बूट, एकदाही घातले नाहीत, आणि लग्नाला जाताना काढले तर सोलचा भुगा. तीच गोष्ट. वापरलं नाही तरी तुटतं, वरून घाम, तेल, आमच्याकडची खारी हवा, की आणखी लवकर. त्यामुळे "मी सांभाळून वापरतो" याला फार अर्थ नाही, रेग्झीनची कुशन गोव्यात काही वर्षांनी जाणार हे धरूनच हिशेब करायचा, आणि घेतानाच त्या मॉडेलची सुटी कुशन सहज मिळतात का ते बघायचं. वर सांगितलेल्या पाचही मॉडेलांची मिळतात, ही लोकप्रिय मॉडेलं घेण्यातली सगळ्यात मोठी सोय.

वेलूर सोलवटत नाही पण त्याचं दुसरं दुखणं आहे, ते ओल धरतं. श्रावणात आठ दिवस हेडफोन खुंटीला राहिला तर ओल्या टॉवेलचा वास येतो, बुरशीही धरू शकते. मी महिन्यातून एकदा कुशन काढतो, कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, हलके दाबून धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत पंख्याखाली दोन दिवस वाळवायचे, पूर्ण वाळल्याशिवाय परत लावायचे नाहीत. बाकी वेळ हेडफोन हवाबंद डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलणाऱ्या घ्या म्हणजे कधी ओल्या झाल्या ते कळतं आणि तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतात. आमची आई कपड्यांच्या कपाटात पावसाळाभर एक छोटा पिवळा बल्ब पेटता ठेवायची, जुनी रीत आहे, आता तसले बल्ब मिळणं कठीण झालंय नाहीतर तीही चालली असती. आणि ओले केस घेऊन हेडफोन घालू नका, सकाळी आंघोळ करून थेट रियाजाला बसणाऱ्या पुतण्याला मला हे दहा वेळा सांगावं लागलं.

पुतण्यासाठी एम४०एक्स घेतला. त्याचे कान लहान, चष्मा नाही, केबल काढता येते म्हणून पिशवीत कोंबला तरी चालतो, दुमडतोही. तो गाताना एका कानाचा कप मागे सरकवतो, स्वतःचा खरा आवाज ऐकायला, सगळेच गायक करतात, याचा कप वळतो म्हणून ते जमतं. पहिल्या दिवशी घातला आणि म्हणाला, "काका, तंबोरा जरा वाढव मरे," मी वाढवला, परत म्हणाला वाढव, तेव्हा थांबवलं. बंद हेडफोनचा खरा फायदा हा की बाहेरचा गोंगाट कमी झाल्यामुळे आतला आवाज कमी ठेवता येतो, तो फायदा वाढवून घालवायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ हिशेब आहे, ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास चालतं, पण ९० वर गेलात तर आठवड्याला फक्त ४ तास. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो, पण वेळ मात्र दहापट कमी होतो. एकोणीस वर्षांचा गळा तयार करतोय आणि त्याच वेळी कान घालवतोय असं नको व्हायला, आणि गेलेला कान परत येत नाही. आता त्याला दर चाळीस मिनिटांनी हेडफोन काढून अंगणात जायला लावतो, कुरकुरतो पण जातो.

खरेदीबद्दल एक अनुभव. पहिल्यांदा मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून बाजारभावापेक्षा चांगलाच स्वस्त मागवला होता. पार्सल आलं, डबा बरोबर, पण बिलावर मॉडेलचा सिरियल नंबर नाही, वॉरंटी कोण देणार विचारलं तर "आम्हीच सात दिवस देतो" म्हणाला. परत पाठवला, पैसे मिळायला तीन आठवडे लागले. या नावाजलेल्या मॉडेलांच्या हुबेहूब नकला फिरतात, आणि अस्सल असला तरी अधिकृत आयातदाराकडून आला नसेल तर भारतातली वॉरंटी लागू होईलच असं नाही. म्हणून जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर, आणि वॉरंटी कुणाची हे लेखी. हजार रुपये जास्त जातील, जाऊ देत.

नवीन हेडफोनवर तीच आरती परत मिक्स केली, आधीच्या सगळ्या सेटिंग पुसून शून्यापासून. दुपारी भावाच्या गाडीत लावली तेव्हा मागच्या सीटवर आमचे थोरले काका होते, पंचाहत्तरीचे, त्या दिवशीचं एक घुमट त्यांचंच होतं. आधी खिडकीबाहेर बघत होते, दुसऱ्या कडव्याला एकदम पुढे वाकले, डावा तळवा मांडीवर झाकायला-सोडायला लागले, आणि म्हणाले, "हो म्हजो हात." (हा माझा हात.) दुसरं घुमट कुणाचं तेही त्यांनी बरोबर सांगितलं.

डीटी ७७०च्या वेलूर कुशनची एक जादा जोडी मागवून ठेवलीय, सिलिका जेलसकट डब्यात. एम४०एक्सची पुढच्या मेमध्ये, पाऊस यायच्या आधी.